खोडव्याचीही निगा हवी



मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्वित्झर्लंडमधील झ्युरिच येथे 'आयर्नमॅन' शर्यत पुरी केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि लगेच ४२.२ किलोमीटर धावणे. सारे १५ तास १९ मिनिटांत.

"ते शहरातले, आपण शेतात राबतो की!" असे सभासद म्हणतात. आम्हास हे पटत नाही. मोटार बटणावर चालते, नांगर ट्रॅक्टर ओढतो, ऊस टोळी तोडते. मग राबतो कोण? पोहणे आपण विहिरीतच शिकलो, सायकलवर नांदेडचा बाजार केला. फटफटी आली अन् सगळं सुटलं. आम्हीही त्यातलेच. परवा प्लॉट पाहताना बांधावर आम्हाला धाप लागली. चिटबॉय पुढे जाऊन थांबला होता. लाज वाटली.

खोडवा म्हणून आपण ऊस सोडून देत नाही. बुडखे छाटतो, वेळेवर खत-पाणी देतो, तेव्हा तो पिकतो. चाळिशीनंतरच्या देहाचे तसेच आहे. शर्यत राहू द्या. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर तपासून घ्या, मग शेतावर सायकलने जा, हळूहळू अंतर वाढवा. आम्ही सुरुवात केली आहे.

साखर पोत्यात भरावी, रक्तात नव्हे!