सशाच्या आजारपणाची तरतूद: विमा नियामक प्राधिकरणास अनावृत पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.



एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास बंदरातल्या कंटेनरांच्या थप्प्या, यांच्यामध्ये वसलेल्या उरणसारख्या गावाहून, घरात पाळलेल्या सशांच्या आजारपणाचा विषय घेऊन आपल्या दप्तरी एखादा अर्ज यावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आणि ज्या देशात माणसांच्याच आरोग्यविम्याची व्याप्ती अद्याप अपुरी आहे तेथे सशाची चिंता कोणी वाहावी, असा सवाल कोणी केल्यास तो मी गैरवाजवी मानणार नाही. परंतु या पत्रात मी सरकारी खजिन्यातून एक पैही मागत नाही. हप्ता भरणारा आपल्या कमाईतून तो भरावयास तयार आहे. त्याच्या मोबदल्यात त्यास प्रामाणिक आणि त्या प्राण्यास लागू पडेल असा करार मिळावा, एवढेच मागणे आहे, आणि असे करार शुद्ध राखण्यासाठीच तर 1999 च्या कायद्याने आपल्या प्राधिकरणाची स्थापना झाली.

आमच्या घरी नातीच्या हट्टाने आणलेले दोन ससे आहेत. शेजारच्या बिऱ्हाडाने आपल्या कुत्र्याचा विमा उतरविला, तेव्हा सशांचाही उतरवावा की काय, हा प्रश्न आमच्या घरात निघाला, आणि सुनेने हिशेबाची वही पुढे ओढून, वर्षाचा हप्ता किती, त्यात काय मिळणार आणि काय वगळणार, याची विचारपूस माझ्यावर सोपविली. नोकरीच्या काळात कागद वाचण्याची सवय जडलेली असल्याने ज्या ज्या विमापत्रांचे मसुदे हाती लागले ते मी अथपासून इतिपर्यंत वाचले. त्या सर्वांत कुत्रा आणि मांजर यांचीच नावे निघाली. सशाचा उल्लेख मला अखेर जेथे सापडला, तो कागद पाळीव प्राण्यांचा नव्हताच. तो पशुधनाचा होता.

ही बाब जरा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण माझ्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे. 2014-15 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा तरतुदीत शेळी, मेंढी आणि डुक्कर यांच्या पंक्तीस ससाही बसविलेला आहे, आणि अनुदानाच्या हिशेबासाठी अशा दहा जनावरांचा मिळून एक पशुघटक धरला जातो, म्हणजे दहा ससे कागदावर एका गाईच्या बरोबरीने उभे राहतात. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने या विम्यातील पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या पंधरा टक्क्यांवर आणला आणि उरलेला भार केंद्र व राज्य यांनी आमच्यासारख्या राज्यांत साठास चाळीस या प्रमाणात उचलावयाचे ठरविले. लोकरीसाठी अंगोरा ससे पाळणाऱ्या कुलू खोऱ्यातील कुटुंबास, किंवा मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे वाढविणाऱ्या शेतकऱ्यास ही तरतूद उपकारकच आहे, आणि तिच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. यास्तव विम्याच्या दप्तरात ससा अपरिचित आहे, हे म्हणणे कोणत्याही कंपनीस करता येणार नाही.

मात्र त्या विम्याचे स्वरूप पाहावे. जनावराच्या कानात बिल्ला ठोकावयाचा. ते मेले की कंपनीस वर्दी द्यावयाची. पशुवैद्याचा शवविच्छेदनाचा दाखला जोडावयाचा. बिल्ला हजर करावयाचा. आणि मग त्या जनावराच्या बाजारभावाच्या आधारे ठरलेली रक्कम पदरी पडावयाची. त्यात मृत्यू आहे, दुखणे नाही. ज्या गोठ्यात ससा हा मिळकतीचा भाग आहे तेथे हा व्यवहार रास्त ठरतो. परंतु ज्या घरात तो कुटुंबाचा घटक होऊन राहिला आहे तेथे त्याच्या मृत्यूनंतर हाती येणाऱ्या काही शे रुपयांना काहीच अर्थ उरत नाही, आणि तो जगावा म्हणून जो खर्च करावा लागतो तो मात्र त्या बाजारभावाच्या अनेक पटींनी अधिक असतो.

मोल आणि बाजारभाव यांतील हे अंतर उरणच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या तालुक्यातील शेतकरी संपादित जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, जासई आणि नवघर परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. त्या बलिदानाशी घरातल्या सशाची तुलना करण्याचा अधर्म मी करणार नाही. सांगावयाचे एवढेच की, सरकारी कागदात लिहिलेला आकडा आणि घेतल्या जाणाऱ्या वस्तूचे मोल यांतील तफावत वाचावयास या भागातील लोक फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहेत, आणि म्हणून विमापत्राच्या बारीक अक्षरातील कलमेही ते डोळे उघडे ठेवून वाचतात.

आता दुखण्याविषयी. आमच्या नेहमीच्या रानातला, 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षिलेला आणि घरी आणणे गुन्हा ठरणारा ससा वेगळा. घरात पाळला जातो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील सशाचा वंशज, आणि त्याचे शरीर कुत्र्या-मांजराहून मुळातच निराळ्या रचनेचे आहे. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवताच्या सततच्या चर्वणानेच झिजतात. त्यास उलटी करता येत नाही. त्याच्या आतड्यातील अन्न आंबविण्याची क्रिया अखंड चालावी लागते. भीतीने, उष्म्याने, दातदुखीने किंवा चुकीच्या खाण्याने ती मंदावली की, माणसाच्या दृष्टीने एका दिवसाचा उपास एवढाच प्रकार त्याच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्यास सर्रास दिली जाणारी काही औषधे त्यास विषासमान आहेत: तोंडावाटे दिलेले पेनिसिलिन जातीचे प्रतिजैविक त्याच्या आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश करते, आणि गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल त्याच्या अंगावर टाकणे धोक्याचे असते. शिकार होणाऱ्या प्राण्याच्या स्वभावानुसार तो आपले दुखणे शेवटपर्यंत लपवितो.

गेल्या आषाढात आमच्या घरी हे सारे प्रत्यक्ष घडले. दिवसभर पाऊस, मुंबईस जाणारी मोऱ्याची लाँच बंद, आणि संध्याकाळी आमची पांढरी मादी पुढे टाकलेल्या हरळीस तोंड लावीना. पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून, पाठ वर काढून, डोळे अर्धवट मिटून ती बसली होती. कान लावला की दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता, आणि कान स्वतः हातास गार लागत होते. नातीने पेटीखालचा ट्रे काढून दाखविला, तो दुपारपासून कोरडा होता. सशाच्या घरात कोरड्या ट्रेइतकी भयसूचक दुसरी गोष्ट नाही. तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या यांच्या सेवेसाठी आहेत आणि तो भार ते निष्ठेने वाहतात. परंतु सशाची नाडी जाणणारा डॉक्टर हवा तर नवी मुंबई अथवा मुंबई गाठावी लागते. आम्ही त्या रात्री मोटार करून अटल सेतूने पलीकडे गेलो. पथकराचे अडीचशे रुपये, मोटारीचे भाडे, रात्रीच्या तपासणीचे शुल्क, क्ष-किरण चित्र, कातडीखाली दिलेले सलाईन, वेदनाशामक, आणि पुढे चार दिवस पिचकारीने दर काही तासांनी भरवावयाचे पातळ अन्न, असा तो खर्च होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेमध्ये बाजरीच्या दाण्याएवढ्या तीन-चार लेंड्या दिसल्या, आणि नातीने त्या साऱ्या घरास बोलावून दाखविल्या.

हा खर्च आम्हास झेपला. आमच्याच आळीतील एखाद्या हंगामी कामगाराच्या घरी, जेथे मुलाने जत्रेतून ससा आणलेला असतो, तेथे तो झेपणार नाही, आणि तेथे त्या रात्री काय निर्णय करावा लागेल हे आपण जाणता. विम्याचे सारे शास्त्र अशाच घरासाठी निर्माण झाले आहे.

असे असता, कुत्र्याच्या विमापत्रात “ससा” हा एक शब्द वाढवून चालेल काय? माझे स्पष्ट मत असे की, चालणार नाही, आणि तसे करणे हे विमा न देण्याहूनही अधिक अन्यायाचे होईल. पाळीव प्राण्यांच्या विमापत्रांत दातांचे उपचार आणि वंध्यीकरण ही कलमे बहुधा वगळलेली असतात. कुत्र्याच्या बाबतीत ते कदाचित सोसवेल. सशाच्या बाबतीत दात वगळणे म्हणजे त्याच्या अनेक दुखण्यांचे मूळच वगळणे होय, कारण दातांची टोके वाढून गालात वा जिभेत रुतली की तो खाणे सोडतो, आणि खाणे सोडले की आतडे थांबते. मग कंपनीने आतड्याचा दावा “मूळ कारण दंतविकार” म्हणून नामंजूर करावा, हे सहज घडण्याजोगे आहे. वंध्यीकरणाचेही तसेच. वयात आलेल्या अवंध्यीकृत मादीस गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सशांत फार मोठे आहे. ती शस्त्रक्रिया तेथे हौसेची नसून प्रतिबंधाची आहे, आणि तिच्या खर्चाचा काही अंश देणे कंपनीच्याही हिताचे आहे. ओळखीच्या बाबतीत कानातील बिल्ल्याचा शिरस्ताही घरगुती सशास लावू नये. सशाचा कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नाही. त्यातील पातळ रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातूनच तो शरीरातील उष्णता बाहेर टाकतो, आणि वैशाखातील आमच्या किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात त्या कानावरच त्याचा जीव तगतो. कातडीखाली बसविलेली सूक्ष्म चकती ओळखीस पुरेशी आहे.

ब्रिटनमध्ये कुत्रा आणि मांजर यांच्या जोडीने सशाचाही आरोग्यविमा विकला जातो, आणि तेथील अनुभव आपल्या कचेरीने मागवून पाहावा; परंतु तेथील अटी जशाच्या तशा उचलू नयेत. तेथे सशांतील दोन संसर्गजन्य रोगांवरील लस दरवर्षी टोचून घेण्याची प्रथा आहे आणि करारही ती गृहीत धरून केलेला असतो. आमच्याकडे रोग निराळे: खरजेचे किडे, कानातील किडे, पावसाळ्यातील जंत आणि रक्तीहगवण, उन्हाळ्यातील उष्माघात. करार येथल्या हवेवरून आणि येथल्या घरांवरून लिहिला जावा.

2022 च्या जूनपासून सर्वसाधारण विम्याच्या बहुतेक योजना पूर्वसंमतीविना बाजारात आणून मागाहून आपल्याकडे नोंदविण्याची मुभा आपणच कंपन्यांस दिली आहे. यास्तव परवानगी मिळत नाही ही सबब आता कोणास सांगता येणार नाही. तथापि खाजगी कंपन्या जेथे गिऱ्हाईक दाट तेथेच प्रथम जाणार, आणि सशांची गिऱ्हाइकी विरळ आहे. म्हणून पहिले पाऊल सरकारी मालकीच्या कंपन्यांनी टाकावे असे मी सुचवितो. 1919 साली सर दोराबजी टाटांनी स्थापन केलेल्या न्यू इंडियाचे मुख्य कार्यालय आमच्या खाडीपलीकडे मुंबईच्या फोर्टात आहे. पशुधनाच्या विम्याचा दीर्घ अनुभव तिच्या गाठीशी आहे. आणि परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारखी, 1886 पासून चालत आलेली संस्था सल्ल्यास हाकेच्या अंतरावर आहे. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातील, महाड तालुक्यातील नाते गावी जन्मले, हे मी अभिमानाने नमूद करतो. सामान्य माणसाने ठेवलेल्या विश्वासाची जबाबदारी राज्याने घेतली पाहिजे, ही धारणा त्या निर्णयामागे होती, आणि लहान माणसाच्या लहान करारासही ती लागू आहे.

घरातील प्रश्नाचा निकाल आम्ही तूर्त असा लावला: आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही विमापत्रावर सशासाठी पैसा घालावयाचा नाही. त्याऐवजी दरमहा तीनशे रुपये टपाल कचेरीतील स्वतंत्र खात्यात टाकावयाचे, वर्षाकाठी छत्तीसशे जमतात. मादीचे वंध्यीकरण जाणत्या डॉक्टरकडून करून घ्यावयाचे. गवताचा पुरवठा तुटू द्यावयाचा नाही. आणि रात्री उघडे असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता भिंतीवर लावून ठेवावयाचा. ससे पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबास मी आज हेच सांगेन. परंतु पहिल्याच वर्षी शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर छत्तीसशे रुपये पुरणार नाहीत, आणि खाते भरण्यापूर्वी आलेले संकट निभावणे हेच तर विम्याचे काम आहे.

आपणास विनंती अशी की, लहान पाळीव प्राण्यांसाठी एक नमुना विमापत्र प्राधिकरणाने तयार करवून घ्यावे. त्यात सशाच्या दातांचे आणि आतड्याचे उपचार स्पष्ट शब्दांत अंतर्भूत असावेत. भरपाईची मर्यादा प्राण्याच्या खरेदीच्या किमतीवर न ठरता उपचाराच्या खर्चावर ठरावी. आणि माणसांच्या आरोग्यविम्यास जोडावयाचे जे माहितीपत्रक आपण 2024 च्या जानेवारीपासून नव्या रूपात सक्तीचे केले, मागणी केल्यास स्थानिक भाषेतही द्यावयास लावले, तसे पत्रक याही विम्यास मराठीत जोडले जावे. तो मसुदा मंजूर करण्यापूर्वी लोकांच्या हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. उरणहून पहिली सूचना पाठविण्याची हमी मी देतो.



आपला विश्वासू,
एक उरणकर नागरिक