किल्ली कोणाच्या हाती?

निफाड तालुक्यातील विंचूर हे पेशवाईतील पराक्रमी सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे गाव. गडाची तटबंदी कितीही भक्कम असली, तरी दरवाजाची किल्ली परक्याच्या हाती गेली की ती व्यर्थ ठरते, हे त्या काळचा सामान्य शिलेदारही जाणत होता. आज याच विंचूरच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. पीककर्ज, किसान सन्मान निधीचे हप्ते, विम्याची भरपाई हे सारे बँक खात्यात जमा होते. त्या खात्याची किल्ली मात्र एका दहा आकडी मोबाईल क्रमांकात ठेवलेली आहे.

हा क्रमांक ग्राहकाच्या मालकीचा नसतो. तो दूरसंचार कंपनीने वापरण्यास दिलेला असतो. बनावट कागदपत्रे दाखवून कोणी दुसरे सिमकार्ड मिळवले, की मूळ कार्ड मृत होते आणि बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतील माहीमच्या एका व्यापाऱ्याचे १ कोटी ८६ लाख रुपये याच मार्गाने गेले. रात्रीतून आलेले सहा मिस्ड कॉल एवढीच काय ती पूर्वसूचना! ग्रामीण भागात आणखी एक धोका आहे. रिचार्जअभावी बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. बँकेच्या दप्तरी मात्र तोच जुना क्रमांक राहतो.

रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या पडताळणीचे कवच दिले, हे निःसंशय दूरदृष्टीचे पाऊल होते. परंतु काल जे कवच होते, तेच आज छिद्र ठरू लागले आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच एसएमएसद्वारे होणाऱ्या पडताळणीला मर्यादित विश्वासार्हतेच्या वर्गात टाकले. सिंगापूरने २०२४ मध्ये बँकांच्या प्रवेश-ओटीपीला टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे ठरवले. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत एसएमएसपलीकडील पर्यायांना वाट मोकळी केली व अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. मात्र एसएमएसवर बंदी घातलेली नाही. त्यामुळे स्वस्त आणि सोयीची जुनी वाटच चालू ठेवण्याचा मोह बँकांना होणार, हे उघड आहे.

येथेच खरा प्रश्न आहे. युपीआयसारखी स्वदेशी व्यवस्था उभारून जगाला चकित करणाऱ्या देशाने आपल्या शेतकऱ्याची पुंजी सिमकार्ड विकणाऱ्या दुकानदाराच्या दक्षतेवर सोडावी काय? कुलूप बँकेने निवडले असेल, तर ते फुटल्याची जबाबदारीही बँकेनेच घेतली पाहिजे.

समाजाचेही कर्तव्य आहेच. खात्याला जोडलेला क्रमांक स्वतःच्याच नावावर असावा. फोनचे नेटवर्क अकारण गेले, तर त्याच क्षणी बँकेला कळवावे. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्रयस्थाच्या लबाडीमुळे गेलेल्या रकमेबाबत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्या ग्राहकावर भार पडू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. गावोगावच्या सुशिक्षित तरुणांनी ही माहिती बांधावर आणि बाजारात पोहोचवली, तर तीही राष्ट्रसेवाच ठरेल. घामाच्या पैशाचे रक्षण हेही स्वराज्याचेच रक्षण आहे.