जबडा मोडल्यावर खेळाडूने मैदानात कधी परतावे?

डिसेंबर २०२५ मध्ये मायामीतल्या लढतीत अँथनी जोशुआच्या ठोशाने जेक पॉलचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तरीही तो लढतीनंतर बोलत होता. आपल्याला अशा वेळी २००२ची अँटिगा कसोटी आठवते. जबडा मोडलेला असताना चेहऱ्याला पट्टी बांधून अनिल कुंबळेने १४ षटके टाकली, लाराला पायचीत केले. पण त्यानंतर तो शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला, हे सांगायचे राहून जाते.

बोलता येते म्हणजे हाड शाबूत आहे असे समजू नका. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा असतो. फटका एका बाजूला बसला तरी दुसऱ्या बाजूला, कानाजवळ, तो मोडू शकतो. म्हणून पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) किंवा सीटी स्कॅन लागतो. दात नेहमीसारखे जुळत नसतील, खालचा ओठ बधिर वाटत असेल किंवा जिभेखाली रक्त साकळले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. श्वासाला त्रास होत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर एक मिनिटही थांबू नका. डोक्याला मार लागला आहे का, हेही तपासून घ्या.

हाड सरकलेले नसेल तर काही वेळा मऊ आहार आणि तपासण्या पुरतात. नाहीतर तारांनी दात काही आठवडे बांधतात किंवा शस्त्रक्रिया करून टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात. खेळाडू बहुधा पट्ट्या पसंत करतात, कारण तोंड लवकर उघडता येते. मात्र पट्टी बसली म्हणजे हाड जुळले नाही! ते जुळायला साधारण सहा आठवडे लागतातच. तोवर भाकरी, चिवडा, शेंगदाणे बंद; पातळ वरण, खिचडी, खीर, ताक, अंडे चालेल. दात तारांनी बांधलेले असतील तर तार कापायची कात्री सतत जवळ हवी. उलटी झाली तर ती कधी व कशी वापरायची, हे घरी जाण्याआधीच डॉक्टरांकडून शिकून घ्या. सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो आणि जखम चिघळते.

चालणे लवकर सुरू होते. धावणे व हलका सराव काही आठवड्यांनी, सर्जनच्या परवानगीने. कबड्डी, फुटबॉल, हॉकीसाठी साधारण दोन ते तीन महिने धरा. बॉक्सिंगला त्याहूनही जास्त. दुखणे थांबते ते हाड पक्के होण्याच्या बरेच आधी, आणि नेमके तेव्हाच प्रशिक्षकाचा फोन येतो. निवड चाचणी जवळ आली असली तरी तारीख सर्जननेच ठरवावी. मूल हनुवटीवर पडले असेल तर कानाजवळचे हाड तपासून घ्याच. तिथली इजा दुर्लक्षित राहिल्यास तोंड उघडणे कमी होऊ शकते आणि जबड्याची वाढ वाकडी होऊ शकते.