विश्लेषण : युरिया टाकूनही हिंगोलीच्या जमिनीत नत्र का टिकत नाही?

खरिपाची पेरणी उरकून तीन-चार आठवडे झाले, दोन-चार दिवस सलग पाऊस लागला, की हिंगोली जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. शिवारात सोयाबीन पिवळे पडू लागते आणि कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी गर्दी होते. पीक पिवळे पडले म्हणजे नत्र कमी पडले आणि नत्र कमी पडले म्हणजे युरिया टाकायचा, असे हे सरळ गणित आहे. पण वर्षानुवर्षे युरिया देऊनही माती तपासणीच्या अहवालात नत्राच्या रकान्यापुढे ‘कमी’ हाच शेरा येतो आणि दुसरीकडे विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट चिंतेचा विषय झाले आहे. मग टाकलेले नत्र जाते कुठे?

हवेत एवढा नायट्रोजन असताना पिकाला तो का मिळत नाही?

नत्र म्हणजेच नायट्रोजन. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा आहे. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट जोडलेले असतात, की पीक तो वायू थेट वापरू शकत नाही. मुळांना नत्र लागते ते अमोनियम किंवा नायट्रेट या रूपात. हवेतील नायट्रोजनचे असे रूपांतर दोन मार्गांनी होते. काही जिवाणू ते काम जमिनीत करतात आणि खत कारखान्यात ते नैसर्गिक वायू वापरून, प्रचंड दाब व उष्णता देऊन केले जाते. युरियामध्ये ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो.

हे नत्र पानांतील हरितद्रव्यासाठी आणि प्रथिनांसाठी लागते. ते कमी पडले की वाढ खुंटते. जास्त झाले, तर पीक हिरवेगार दिसते, पण लुसलुशीत होते, किडींना बळी पडते आणि पक्वता लांबते.

जिल्ह्याच्या जमिनीत नत्र कमी का आहे?

हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी उपलब्ध नत्र असलेली जमीन ‘कमी’ गटात धरली जाते. मराठवाड्यातील बहुतेक जमिनी याच गटात येतात आणि हिंगोली त्याला अपवाद नाही. स्फुरद मातीला चिकटून राहते, काळ्या जमिनीत पालाशही बऱ्यापैकी असते. नत्राचे तसे नाही. जमिनीत त्याचा साठा राहतो तो मुख्यतः सेंद्रिय पदार्थात, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेणखत, मुळांचे अवशेष आणि सूक्ष्मजीव यांच्यात. हा साठा जिवाणू हळूहळू मोकळा करतात आणि पिकाला पुरवतात.

सेंद्रिय कर्ब कमी असेल तर नत्राची ही कोठारच रिकामी असते. उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात, त्यामुळे कोठार सतत भरत राहावे लागते. पूर्वी ते काम गोठा करत असे. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, शेणखत मिळेनासे झाले. ज्वारीसोबत मूग, उडीद, तूर अशी मिश्र पिके घेण्याची पद्धत होती. गेल्या दोन-तीन दशकांत तिची जागा मोठ्या प्रमाणात सलग सोयाबीनने घेतली. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि भुसकट बांधावर पेटवून देण्याची सवय त्यात भर घालते. काडीकचऱ्यातील बहुतेक नत्र त्या धुरासोबत निघून जाते.

सोयाबीन तर स्वतःचे नत्र स्वतः तयार करते ना?

हे अर्धेच खरे आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम वर्गातील जिवाणू राहतात आणि हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. पिकाच्या एकूण गरजेच्या साधारण ५० ते ६० टक्के नत्र या मार्गाने येते. उरलेले जमिनीतून घेतले जाते.

आता काढणीनंतरचा हिशेब पाहू. सोयाबीन हे प्रथिनांचे पीक आहे. एक क्विंटल दाण्यात सुमारे ६ किलो नत्र असते. एकरी ८ क्विंटल उतारा आला, तर जवळपास ४८ किलो नत्र दाण्यासोबत बाजारात गेले. एवढ्या पिकाला पाने, खोड, दाणे मिळून साधारण ६४ किलो नत्र लागते. त्यातील ३२ ते ३८ किलो गाठींनी हवेतून आणले असे धरले, तरी दहा किलोच्या पुढे तूट राहते. हा हिशेब ढोबळ आहे आणि जमिनीगणिक तो बदलेल. पण गुळी, म्हणजे मळणीनंतरचे भुसकट, शेतात परत गेले नाही तर तूट वाढते हे नक्की. ‘सोयाबीनने जमीन सुधारते’ या समजावर विसंबून दरवर्षी सोयाबीन घेणाऱ्या शेतात कोठार भरत नाही, रिकामे होते.

मग सोयाबीनला युरिया जास्त द्यावा का?

नाही, कारण तयार नत्र मिळू लागले की पीक गाठींवर शक्ती खर्च करत नाही. गाठी कमी होतात आणि फुकटचा स्रोत आटतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची सोयाबीनसाठी शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी आहे. एकराला हे नत्र होते १२ किलो. पेरणीवेळी एकरी डीएपीची ५० किलोची एक गोणी दिली, तर त्यातूनच ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. उरले ३ किलो नत्र, म्हणजे जेमतेम सात किलो युरिया. प्रत्यक्षात उभ्या पिकात अख्खी गोणी फेकली, तर शिफारशीच्या जवळपास अडीचपट नत्र पडते.

गाठी काम करतात की नाही, हे शेतकऱ्याला बांधावरच कळू शकते. पीक फुलोऱ्याला येण्याच्या सुमारास रोप मातीसह हळूच उपटून मुळे धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर नाहीत.

पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी का?

दरवेळी नाही, आणि अनेकांचे पैसे इथेच वाया जातात. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे आधी पाहायला हवे. नत्र कमी पडले तर पीक ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. त्यामुळे खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. चुनखडीयुक्त, चोपण किंवा पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. तिथे युरियाचा उपयोग नाही. साचलेले पाणी चर काढून बाहेर देणे आणि कृषी सहायकाच्या सल्ल्याने लोहयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करणे हा उपाय आहे. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले असतील, तर पिवळ्या मोझॅकची शंका घ्यावी. तो विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि जादा नत्राने लुसलुशीत झालेले पीक अशा किडींना आवडते.

सलग पावसात मुळांभोवतीची हवा संपते, गाठींचे कामही मंदावते. म्हणून कधीकधी लोह आणि नत्र दोन्ही कमी पडतात. तरीही पहिला उपाय निचरा हाच. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते.

हळदीचे गणित वेगळे कसे?

वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांत हळद हे नगदी पीक आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीला हवेतून नत्र देणाऱ्या गाठी नसतात आणि पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते. त्यामुळे तिची गरज मोठी आहे. शिफारस हेक्टरी २०० किलो नत्राची, म्हणजे एकरी ८० किलो. युरियाच्या भाषेत जवळपास चार गोण्या. पण त्या एकदम द्यायच्या नसतात. लागवडीनंतर सुमारे दीड महिन्याने निम्मे नत्र आणि भरणीच्या वेळी, साडेतीन महिन्यांच्या आसपास उरलेले, अशी रीत आहे. ठिबक असेल तर तेच नत्र आणखी लहान हप्त्यांत विभागता येते. एकरी सात किलो आणि एकरी चार गोण्या, एवढा फरक शेजारच्या दोन पिकांत असताना ‘सगळीकडे सारखा युरिया’ हे धोरण कोणत्याच पिकाला मानवत नाही.

टाकलेला युरिया जातो कुठे?

दिलेल्या नत्रापैकी पिकाला साधारण ३० ते ५० टक्केच मिळते. उरलेल्याला तीन वाटा आहेत. पहिली हवेची. युरिया ओल्या जमिनीवर नुसता फेकला, की त्याचे अमोनियात रूपांतर होते. हिंगोलीच्या काळ्या जमिनी विम्लधर्मी आहेत आणि अशा जमिनीत अमोनिया वायू होऊन लवकर उडतो. दुसरी वाट पाण्याची. नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवू शकत नाहीत, ते पावसासोबत खाली झिरपते. तिसरी वाट साचलेल्या पाण्याची. तिथले जिवाणू नायट्रेट मोडून वायू सोडतात. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवणारा वायू आहे.

२०१५ पासून देशात सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्यामुळे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. पण फेकलेला युरिया मातीत झाकला नाही, तर अमोनियाची गळती हे आवरण थांबवू शकत नाही.

पिण्याच्या पाण्याशी याचा संबंध काय?

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांत काही ठिकाणी ही मर्यादा ओलांडली गेली. २०१७ मध्ये अशा जिल्ह्यांची संख्या ३५९ होती. महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक नमुने मर्यादेबाहेर होते. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत हिंगोलीला लागून असलेले नांदेड आणि यवतमाळ आहेत. भूजल जिल्ह्याची सीमा पाहून थांबत नाही. खडक तोच, पिके तीच, खत देण्याच्या सवयी त्याच आहेत.

दोष एकट्या युरियाचा नाही. विहिरीलगतचे उकिरडे, गोठे, शौचालयांचे खड्डे यांतूनही नायट्रेट झिरपते. धोका सर्वात जास्त सहा महिन्यांखालील बाळांना असतो. अशा पाण्यात दूध पावडर कालवून दिली, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून बाळ निळसर पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

स्वस्त गोणीचा वाटा किती?

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे एक किलो नत्र साधारण तेरा रुपयांना. डीएपीच्या गोणीसाठी १३५० रुपये मोजावे लागतात. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान योजना आली, तेव्हा युरिया तिच्याबाहेर ठेवला गेला आणि हा असमतोल घट्ट झाला. हातात पैसे कमी असलेला शेतकरी जे स्वस्त आहे तेच टाकणार. त्याला दोष देणे सोपे आहे. पण शेणखताची गाडी, हिरवळीच्या खताचे बियाणे किंवा भुसकट कुजवण्याची मजुरी यांना युरियासारखा आधार नाही, हे सरकारने केलेल्या निवडीचे फळ आहे.

काय करता येईल?

शेतात करण्याजोग्या गोष्टी महाग नाहीत. पेरणीपूर्वी सोयाबीनच्या दहा किलो बियाण्याला रायझोबियमची २५० ग्रॅम भुकटी चोळावी, मात्र बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी आणि जिवाणू शेवटी. युरिया द्यायचाच तर वाफशावर, ओळीलगत, कोळपणीने मातीआड करून द्यावा. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबावे. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे, तुरीची गळालेली पाने जमिनीला मिळतात. बांधावर गिरिपुष्प लावावे, शक्य तिथे ताग किंवा धैंचा गाडावा. गुळी पेटवू नये. मात्र न कुजलेला काडीकचरा पेरणीच्या तोंडावर मातीत घातला, तर जिवाणू तो कुजवताना पिकाचेच नत्र वापरतात. म्हणून आधी कुजवणे महत्त्वाचे.

प्रशासनाची जबाबदारी मोठी आहे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या जातात, पण अनेक घरांत त्या ट्रंकेत पडून असतात. त्यातील आकडे ‘या शेताला, या पिकाला इतक्या किलोचा युरिया’ अशा भाषेत खत विक्रीच्या खिडकीवर पोहोचले पाहिजेत. परभणीचे विद्यापीठ आणि तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र हाताशी असताना हे अशक्य नाही. दुसरे काम आणखी तातडीचे आहे. ज्या गावांत आजही विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी प्यायले जाते, तिथे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर नायट्रेटची तपासणी व्हावी आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. बाळाला त्या पाण्यात दूध द्यायचे की नाही, हे त्याच्या आईला फलक वाचून ठरवता आले पाहिजे.