तरबूजवाल्याची हाक

बारावीतला माझा मुलगा कानाला हेडफोन लावून गणितं सोडवतो. मागच्या महिन्यात मी त्यावरून रागावले, तर त्याने तो हेडफोन माझ्याच कानाला लावला. म्हणाला, "अम्मी, आधी ऐक, मग रागव."

संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. त्या वादात आज मी पडत नाही. जे ऐकलं आणि त्यातून जे आठवलं, तेवढंच सांगते.

तो अल्बम होता 'हेड हंटर्स', 1973 सालचा. कलाकार हर्बी हॅनकॉक. 1940 साली शिकागोत जन्मलेले हे कृष्णवर्णीय पियानोवादक. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी शिकागोच्या नामांकित वाद्यवृंदासोबत मोझार्ट वाजवला. पुढे माइल्स डेव्हिससारख्या उस्तादाच्या संचात ते पाच वर्षं होते. नंतर स्वतःचा संच काढला, पण ते संगीत फार हवेत तरंगतंय, आता पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं त्यांना वाटू लागलं. जुन्या संचातल्या फक्त बेनी मॉपिन या सॅक्सोफोनवादकाला सोबत ठेवून त्यांनी नवे साथीदार जमवले. जॅझची विद्या आणि फंक नावाच्या संगीताचा नाचरा ठेका, दोन्ही एकत्र आणले.

अल्बममध्ये चारच रचना आहेत. पहिली 'कॅमेलियन', म्हणजे सरडा, पंधरा मिनिटांहून मोठी. सुरुवातीला फक्त खर्जातली एक छोटी चाल ऐकू येते. ती हॅनकॉक सिंथेसायझरवर वाजवतात. मग ड्रम येतो, मग एकेक वाद्य, आणि बऱ्याच वेळाने सॅक्सोफोनची धून. मला पहिल्यांदा सगळा गोंगाटच वाटला. मुलगा म्हणाला, "फक्त खालची चाल धरून ठेव." धरली, आणि वरचं सगळं आपोआप उलगडत गेलं. वर्गात मुलांना कविता शिकवताना मीही हेच सांगते, आधी लय पकडा, अर्थ मागून येईल.

दुसरी रचना सुरू झाली आणि मी खुर्चीत बसले. तिचं नाव 'वॉटरमेलन मॅन', तरबूजवाला. लहानपणी शिकागोच्या गल्लीत तरबूज विकायला येणारा माणूस आणि फरशीवर खडखडणारी त्याच्या गाडीची चाकं हॅनकॉक यांच्या लक्षात राहिली होती. आपल्या लोकांच्या जगण्यातलं काहीतरी लिहायचं होतं, पण कापसाची शेतं त्यांनी पाहिली नव्हती. पाहिला होता तो हा गाडीवाला. 1962 मध्ये त्यांनी ही रचना पियानोवर केली. अकरा वर्षांनी तीच पुन्हा घेतली, पण वेगळ्या चालीने. सुरुवातीला बिल समर्स रिकाम्या बाटलीत फुंकर मारतात (बाटली कसली होती ते सोडून द्या) आणि मधेमधे आवाज काढतात. मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणारे लोक एकसुरी बासरीवर असंच वाजवतात. त्यावरून हे घेतलेलं.

या अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2007 च्या यादीत जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याला जागा दिली. गल्लीतल्या एका गाडीवाल्याची आठवण एवढ्या लांब पोहोचली.

माझे अब्बा हातगाडीवर तरबूज विकायचे. शाळेत आम्ही त्याला कलिंगड म्हणायचो, घरी तरबूज. पाचवीत असताना मैत्रिणींसोबत शाळेतून येताना त्यांची हाक ऐकू आली, की मी दुसऱ्या गल्लीने वळायचे. अब्बांना ते कळत होतं. एकदा मी लांबून येताना दिसले आणि त्यांनी हाक अर्ध्यातच थांबवली. ती अर्धी हाक माझ्या कानात अजून आहे. त्याच गाडीच्या कमाईवर मी बीएड झाले, आणि माफी मात्र कधी मागितली नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

मुलाला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "नाना हाक कशी द्यायचे?"

स्वयंपाकघरात उभं राहून मी ती दिली. पूर्ण, शेवटपर्यंत. दोनदा आवाज फुटला. मुलाने ती मोबाइलवर घेऊन ठेवली आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी हाक असेल, तर मुलांना जरूर ऐकवा.