पऱ्हाटीची राख वाया का जावी?

कापसाची वेचणी संपली की बुलढाणा जिल्ह्यात पऱ्हाट्या उपटून ढीग लागतात. काही चुलीत जातात, बऱ्याच बांधावरच पेटतात. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने त्या शेतात ठेवताही येत नाहीत. मागे उरते राख. जपानमध्ये लाकडाच्या अशाच राखेवर भांड्यांची एक परंपरा उभी आहे. तिथल्या शिगाराकी गावच्या भट्ट्या कित्येक दिवस धगधगतात. ज्वाळेबरोबर उडालेली राख भांड्याच्या खांद्यावर बसते, १२०० अंशांच्या वर मातीतल्या सिलिकाशी एकजीव होते आणि हिरवट काचेसारखी झिलई होऊन ओघळते. राखेतला चुना आणि पोटॅश हे घडवतात, आणि ते पऱ्हाटीच्या राखेतही असतात. म्हणून आपल्या कुंभाराला माठ-पणतीच्या हंगामापलीकडे नेणारी वाट या राखेतून जाते, असे माझे ठाम मत आहे.

आपला माठ पाझरतो म्हणून पाणी गार करतो. पण हाच गुण ताटात दोष ठरतो. वरणाचे तेल मातीत मुरते, वास धरतो, भांडे धुऊन निघत नाही. त्यामुळे संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्यातले माठ आणि दिवाळीच्या पणत्या सोडल्या तर कुंभाराला घराच्या जेवणात जागा उरलेली नाही. विजेवरच्या चाकाने घडण सोपी होते, पण भाजणी जुनीच राहिली तर माल तोच निघतो. खरी उणीव तापमानाची आणि झिलईची आहे.

यावर जाणकार म्हणतील की आपली काळी माती एवढी आच सोसत नाही. ते खरे आहे. वाळताना ती तडकते आणि जास्त तापवली तर वितळू लागते. मात्र वितळणारी माती राखेत मिसळली की तीच तपकिरी झिलई होते. भांड्याच्या अंगासाठी चंद्रपूरकडची जास्त आच सोसणारी माती आणावी लागेल. झिलई मात्र इथल्या गाळाची आणि राखेची असेल. लाकूडतोडीची भीतीही रास्त आहे, पण जपानी भट्टीची नक्कल करायची गरज नाही. चाळलेली, धुतलेली राख पाण्यात कालवून भांड्यावर चढवली तर गॅसची भट्टीही पुरते. स्टीलपेक्षा हे ताट महाग पडेल, हा आक्षेपही मान्य. मात्र त्याची स्पर्धा रोजच्या स्टीलशी नाही. शेगाव, लोणार, सिंदखेडराजाला येणारे लोक इथली खूण म्हणून घरी नेतील अशी वस्तू आज त्यांना क्वचितच मिळते.

काचेचा कच्चा माल या जिल्ह्याला नवा नाही. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त लोणारच्या डोंगरांत काच आणि साबणाचे साहित्य मिळते, अशी नोंद आहे. लोणारचे सरोवर आता आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणजे रामसर स्थळ आहे आणि त्याला हात लावता कामा नये. राख मात्र दर हंगामाला नव्याने तयार होते. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने विदर्भातच सिरॅमिकचे काम उभे करून दाखवले आहे. जपानने १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याला निदान जिल्ह्यात एक सामायिक भट्टी, माती आणि राख तपासण्याची सोय आणि शिकवणारे दोन हात हवेत. एवढे झाले तर कुंभाराच्या घरातला पुढचा मुलगा चाक सोडून मजुरीला जाण्याआधी नक्की थांबून विचार करेल.