रंगाला घाई चालत नाही

खेळण्यातल्या मोटारीला घरी रंग द्यायचा, ही कल्पनाच आपल्याकडे अनेकांना चमत्कारिक वाटते. खेळणं रंगीतच विकत घ्यायचं, खोक्यातून काढायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं एखादं चाक निखळायचं, ही आपली रीत. पण रिमोटवर धावणाऱ्या मोटारींच्या छंदात एक पंथ असा आहे की गाडी सुट्या भागांत मिळते आणि तिची बॉडी बिनरंगाची येते. गाडी आपण जोडायची, बॉडी आपण रंगवायची. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी अशी याहून चांगली वस्तू मला तरी अलीकडे दिसलेली नाही.

या छंदाचं एक मोठं माहेर जपानातल्या शिझुओका शहरात आहे. तिथली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली. पुढे लाकडी मॉडेलं आणि मग प्लॅस्टिकची. तिचे दीर्घकाळचे प्रमुख शुनसाकु तामिया यांनी पोर्शेचं मॉडेल हुबेहूब उतरावं म्हणून खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलून पाहिली होती. त्या मॉडेलावरूनच १९७६ साली कंपनीची पहिली रिमोट मोटार निघाली. तिची बॉडी होती कडक प्लॅस्टिकची. शुनसाकु २०२५ च्या जुलैमध्ये वारले.

बॉडी दोन जातींच्या असतात. एक पॉलिकार्बोनेटची, पातळ, पारदर्शक आणि लवचिक. तिला आतून रंग देतात. बाहेरचा पृष्ठभाग मुळातच चकचकीत असल्यामुळे रंगाऱ्याच्या हाताचे थोडेफार दोष काचेमागे झाकले जातात. दुसरी कडक प्लॅस्टिकची. तिच्यात दाराच्या फटी, लोखंडी जाळी, दिव्यांच्या कडा कोरीव उतरतात, पण रंग बाहेरून द्यावा लागतो. जे केलं ते चारचौघांत दिसतं. दोन्हींचे रंगही वेगळे. एकीचा डबा दुसरीवर चालत नाही.

माझं मत या दुसरीच्या बाजूचं आहे.

काम पाहा. आधी बॉडी भांडी घासायच्या साबणानं धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर आणि बोटांचा घाम, दोन्ही रंगाला धरू देत नाहीत. साच्याची रेघ बारीक वॉटर पेपरनं घासून काढायची. मग प्रायमर. मग रंग, डबा फूटभर अंतरावर धरून, हात चालता ठेवून, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचं प्रायमर दिसावं. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. एकाच हातात रंग भरू पाहिला की ओघळ आलाच.

आणि हवा. कोकणात किंवा पुण्यात जुलै महिन्यात हे काम करू नये. रंगातलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि तांबड्या बॉनेटवर दुधी साय आल्यासारखी दिसते. बँकेत असताना एका तालुक्याच्या गावी कर्जाच्या तपासणीसाठी मी एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गेलो होतो. लांबी भरून, घासून जीप तयार होती, मालक दारात उभा राहून आरडाओरडा करत होता आणि आभाळ भरून आलं म्हणून पेंटर गन हातात घ्यायला तयार नव्हता. त्याचं कर्ज मंजूर करावं असं मी शिफारशीत लिहिलं, त्यात या नकाराचा वाटा बराच होता.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाच्या गाडीला दारावर ओघळ आला. मुलगा हिरमुसला. वडील म्हणाले, दे, मी पेंटरकडून करून आणतो. मी मध्ये पडलो. ओघळ ओला असताना पुसायचा नसतो. तो पुरता वाळू द्यायचा, पाणी लावून घासायचा आणि पुन्हा पातळ हात द्यायचा. मुलानं चार दिवस वाट पाहिली. आता नीट पाहिलं तर ती जागा कळते. पण ती दुरुस्ती त्याची आहे. वडिलांनी आणलेल्या गुळगुळीत दारात त्याचं काय असतं?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, हा पैसेवाल्यांचा नाद. आयात किट महाग आहे हे खरंच. पण शिकायचं ते किटात नाही. जुन्या, मोडक्या प्लॅस्टिकच्या गाडीवर साबण, वॉटर पेपर आणि एक डबा एवढ्यावरही शिकता येतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जी गाडी उद्या कठड्यावर आपटणार, तिला एवढं सजवायचं कशाला? मला पेणच्या कारखान्यांतले कारागीर आठवतात. मूर्ती पाण्यात जाणार हे ठाऊक असूनही गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना त्यांचा हात सैल पडत नाही. टिकणार म्हणूनच नीट करायचं, असा हिशेब धरला तर जगातली निम्मी कामं वाईटच होतील. शिवाय ज्यानं स्वतः तीन हात दिलेत, तो गाडी चालवताना वळणावर वेग कमी करतो. हे मी गच्चीत उभं राहून पाहिलं आहे.

काळजी मात्र मोठ्यांनी घ्यायची. हा रंग ज्वालाग्राही आणि त्याचा वास छातीला वाईट. गच्चीत किंवा मोकळ्या अंगणातच फवारावा. गॅस, निरांजन, विडी यांपासून दूर. नुसता रुमाल बांधून भागत नाही, रंगकामाचा वाफा अडवणारा मास्क हवा. आणि मोठ्या माणसानं शेजारी उभं राहावं, हात मागे बांधून.

आईबापांना खरं अवघड जातं ते हेच. मुलाचा ओघळ आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण प्रोजेक्ट लिहून देतो, चित्रं काढून देतो, पुढे अर्जही भरून देतो. वाढदिवसाला रंगीत गाडी न देता पांढरी बॉडी आणि एक डबा द्या. दार वाकडंतिकडं रंगलं, तर चार दिवस काही बोलू नका.